११ टीम फिरलेला केविन ऑली चॅम्पियन कोच कसा झाला? बेंचवरचा प्लेअर खरंच चांगला कोच होतो का?

पॉइंटगार्ड_पुणे

बास्केटबॉल फॉलो करणारे इथे कितीजण आहेत कल्पना नाही, पण जे आहेत त्यांनी प्लीज जरा सविस्तर लिहा, मला हे कोडं खरंच सुटत नाहीये.

२०२४ च्या फेब्रुवारीत एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगमधल्या, ब्रुकलिन नेट्सनी त्यांचा कोच जॅक वॉनला काढलं आणि उरलेल्या सीझनपुरता केविन ऑलीला कोच केलं तेव्हा हे नाव मी पहिल्यांदा नीट वाचलं. मग त्याचं करिअर काढून बसलो तर गरगरायलाच लागलं. १९९५ ला ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम दरवर्षी नवे प्लेअर निवडतात त्यात, कोणीच घेतलं नाही. नंतर डॅलस, ऑर्लँडो, सॅक्रामेंटो, परत ऑर्लँडो, फिलाडेल्फिया, न्यू जर्सी, परत फिलाडेल्फिया, शिकागो, इंडियाना, मिलवॉकी, सिअ‍ॅटल, क्लीव्हलँड, तिसऱ्यांदा फिलाडेल्फिया, मिनेसोटा, ओक्लाहोमा सिटी. १३ सीझन, ६६२ मॅच आणि सरासरी ३.८ पॉइंट! म्हणजे मॅचमागे दोन बास्केटसुद्धा धड नाहीत. आणि हाच माणूस २०१० ला खेळणं थांबवतो आणि २०१४ ला कनेटिकट युनिव्हर्सिटीचा कोच म्हणून एनसीएए, म्हणजे कॉलेजची राष्ट्रीय, चॅम्पियनशिप जिंकतो, वय फक्त ४१.

तर प्रश्न असा की ३.८ सरासरीवाला माणूस १३ वर्षं एनबीएत टिकतोच कसा, लोक त्याला परत परत का घेतात? आणि त्या भटकंतीचा कोचिंगला खरंच काही उपयोग झाला का, की चांगले प्लेअर हाताला लागले आणि जिंकला?

विचारायचं कारण म्हणजे मी पण बॅकअप पॉइंट गार्डच (बॉल नेऊन खेळ चालवणाऱ्याचा बदली) आहे, क्लबकडून आणि कंपनीच्या टीमकडून खेळतो. आता क्लबने १४ वर्षांखालच्या मुलांना शिकवशील का विचारलंय आणि आमचे एक सीनियर म्हणतात की जो स्वतः स्टार नव्हता त्याचं पोरं ऐकत नसतात. हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

हार्टफर्डकर

मी बरीच वर्षं कनेटिकटमध्ये आहे. या राज्यात एनबीएची टीमच नाही, त्यामुळे इथल्या लोकांसाठी यूकॉन, म्हणजे कनेटिकट युनिव्हर्सिटी, हेच सगळं, मुलांची टीम पण आणि मुलींची पण. ऑलीबद्दल इथल्या माणसाला विचारलंत तर तासभर सुटका नाही, त्यामुळे लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

पोरगा लॉस एंजेलिसच्या क्रेनशॉ हायस्कूलचा, १९९१ ला कोच जिम कॅल्हून सरांकडे यूकॉनला आला. शेवटच्या दोन वर्षांत टीममध्ये रे अ‍ॅलन. रे पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि ऑलीला ड्राफ्टमध्ये नावसुद्धा ऐकू आलं नाही. मग तो कॉन्टिनेंटल बास्केटबॉल असोसिएशनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या खालच्या लीगमध्ये, इथल्याच कनेटिकट प्राइडकडून दोन वर्षं खेळला. पगार बेताचा, प्रवास भरपूर. १९९७ ला डॅलसने घेतलं तेव्हा कुठे एनबीएचं दार उघडलं, आणि तिथूनही थोड्याच दिवसांत बाहेर.

आता टिकला कसा. त्याला शूटिंग नव्हतं हे खरंच आहे, थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचा शॉट, तर तो जवळपास मारायचाच नाही. पण बॅकअप पॉइंट गार्डचं काम काय असतं बघा. मेन गार्ड दमला की पाच-सात मिनिटं आत यायचं आणि त्या वेळात आघाडी असेल ती घालवायची नाही, बॉल फुकट द्यायचा नाही, समोरचा गार्ड बॉल घेऊन अर्ध्या कोर्टापर्यंत येईपर्यंत त्याला असा चिकटायचा की शॉट क्लॉकचे (शॉट घ्यायला मिळणाऱ्या ठरावीक वेळेचे) सेकंद तिथेच संपले पाहिजेत, आणि आपल्या स्टारला बॉल हवा त्या जागी हव्या त्या क्षणी द्यायचा. हे करणारा भरवशाचा माणूस प्रत्येक कोचला लागतो, आणि गंमत म्हणजे असे फार नसतात, कारण बेंचवरच्या बहुतेकांना आत आल्या आल्या स्वतःचे पॉइंट हवे असतात. ऑलीने ते कधी केलंच नाही.

ट्रेड (टीम-टीममधली प्लेअरची अदलाबदल) पण कसे झाले बघा. फेब्रुवारी २००२ मध्ये शिकागोने रॉन आर्टेस्ट, ब्रॅड मिलर, रॉन मर्सर यांच्याबरोबर ह्याला इंडियानाला पाठवलं. बरोबर एका वर्षाने, फेब्रुवारी २००३ मध्ये, मिलवॉकीने रे अ‍ॅलनला सिअ‍ॅटलला दिलं आणि गॅरी पेटनला घेतलं, त्या डीलमध्ये रे बरोबर ऑली पण! कॉलेजचे दोन मित्र एकाच ट्रेडमध्ये, एकासाठी पेपरात मथळा, दुसऱ्याचं नाव खाली बारीक अक्षरात. नंतर क्लीव्हलँडने पाच वर्षांचा करार दिला, त्याचं पहिलं मोठं काम तेच, आणि तिथे ज्या पोराला सांभाळायला आणलं तो १८ वर्षांचा लेब्रॉन होता, त्याचा पहिलाच सीझन. त्याआधी फिलाडेल्फियात आयव्हर्सनबरोबर, २००१ ला फायनल गाठलेल्या टीममध्ये. आणि शेवटी ओक्लाहोमात ड्युरंट, वेस्टब्रुक आणि पहिल्याच वर्षाचा हार्डन. म्हणजे एका माणसाने आयव्हर्सन, लेब्रॉन, ड्युरंट तिघांना रोजच्या प्रॅक्टिसमध्ये जवळून पाहिलंय, तेही तिघं कोवळे नाहीतर ऐन भरात असताना.

ओक्लाहोमाचं वर्ष तर मुद्दाम सांगतो. आधीच्या सीझनला त्यांनी २३ मॅच जिंकल्या होत्या, २००९-१० ला ५०. ऑली मोजक्याच मॅच खेळला, तेव्हा तो ३७ चा झाला होता. पण ड्युरंटने नंतर जाहीरपणे सांगितलंय की त्या टीमला प्रोफेशनल कसं वागायचं हे ऑलीने दाखवलं. प्रॅक्टिसच्या आधी येणं, नंतर थांबणं, जेवण, झोप, सगळंच. म्हणजे कोचिंग त्याने तिथेच सुरू केलं होतं, फक्त अंगात जर्सी होती.

पुढचं संध्याकाळी लिहितो, ऑफिस आहे.

सहावा_माणूस

हार्टफर्डकरांनी मस्त लिहिलंय, मी फक्त एक गोष्ट जोडतो, ती म्हणजे १० दिवसांचा करार. हे समजलं नाही तर ऑलीसारख्यांचं आयुष्य समजत नाही.

एनबीएत ५ जानेवारीपासून टीमना १० दिवसांचे करार करता येतात. कोणी जखमी झालं की खालच्या लीगमधला माणूस उचलायचा. एकाच टीमला एकाच प्लेअरबरोबर एका सीझनमध्ये असे दोनच करार करता येतात, तिसऱ्यांदा ठेवायचं असेल तर उरलेल्या पूर्ण सीझनचा करार द्यावा लागतो. म्हणजे २० दिवसांत तुमचा निकाल. त्या २० दिवसांत मॅच किती मिळणार, आठ-दहा, त्यातही मिनिटं किती ते कोच ठरवणार.

आता विचार करा, तुम्ही विमानातून उतरलात, हॉटेलवर बॅग टाकली, हातात त्या टीमच्या प्लेची जाडजूड फाइल, आणि उद्या रात्री मॅच. पॉइंट गार्ड असाल तर फक्त स्वतःची जागा पाठ करून भागत नाही, पाचही जणांनी कुठे उभं राहायचं ते माहीत पाहिजे, कारण कोणी चुकला तर त्याला हाताने ढकलून जागेवर नेणारा तुम्हीच. नाव पण नीट माहीत नाहीत अजून! हे ज्याने इतक्या वेळा केलं त्याने इतके कोच, इतक्या सिस्टीम, इतक्या प्रकारची प्रॅक्टिस आतून पाहिली. हे कुठल्या कोर्समध्ये मिळणार?

आणि बेंचवरच्या लोकांचं अजून एक काम असतं जे टीव्हीवर दिसत नाही. प्रॅक्टिसमध्ये उद्याच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करायची. उद्या समोर युटा असेल तर आज बेंचवाले युटाचे प्ले चालवणार आणि मेन पाचजण त्याविरुद्ध डिफेन्स लावणार. म्हणजे स्टार फक्त आपली सिस्टीम शिकतो आणि बेंचवाला अख्ख्या लीगची.

(तो ११ की १२ टीम हा घोळ नेहमी होतो, सिअ‍ॅटलची टीमच २००८ ला ओक्लाहोमा सिटीला हलवली म्हणून फ्रँचायझी ११ आणि गावं १२. सगळ्यात जास्त टीमचा रेकॉर्ड आता इश स्मिथचा आहे, १३.)

नागपाडा_हूप्स

२०१४ ची ती फायनल आपल्याकडे ८ एप्रिलला सकाळी होती, मी क्लासला दांडी मारून पाहिलेली. केंटकीचे हॅरिसन जुळे दोघेही साडेसहा फुटांचे गार्ड आणि त्यांच्या अंगावर यूकॉनचे नेपियर आणि बोटराइट, दोघेही सहा फुटांच्या आसपास. आम्हाला इथे मैदानावर लहानपणापासून शिकवलं जातं की उंची कमी असेल तर बॉल जमिनीजवळ असतानाच भांडायचं, वर गेल्यावर नाही. तेच चाललं होतं पूर्ण मॅचभर. मजा आली होती राव.

कोर्टसाइड_कोल्हापूर

सगळं छान आहे पण जरा दुसरी बाजू पण बघूया, नाहीतर हा धागा नुसता आरतीचा होईल.

एक म्हणजे २०१४ च्या टीमचा कणा, नेपियर आणि बोटराइट, हे कॅल्हूनच्या काळात आलेले. नेपियर तर २०११ च्या चॅम्पियन टीममध्ये पहिल्या वर्षाचा पोरगा होता. तयार माणसं मिळाली. त्यानंतर ऑलीने स्वतः जमवलेल्या टीमचं काय झालं? २०१६-१७ ला १६ विजय १७ पराभव, २०१७-१८ ला १४-१८. मार्च २०१८ ला नोकरी गेली. वर रिक्रूटिंग (नवी पोरं जमवणं) आणि प्रॅक्टिसचे नियम मोडल्याचा ठपका, २०१९ ला एनसीएएने तीन वर्षांचा शो-कॉज लावला, म्हणजे त्या काळात कुठल्याही कॉलेजला त्याला घ्यायचं असेल तर आधी एनसीएएपुढे उत्तर द्यावं लागणार, मग कोण घेतंय. आणि त्याच्या जागी आलेल्या डॅन हर्लीने त्याच यूकॉनला २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवून दिली. हर्ली एनबीएत एक मिनिट खेळलेला नाही!

नेट्सकडे पण इंटरिम म्हणून ११ जिंकल्या १७ हरल्या, आणि सीझन संपल्यावर त्यांनी जॉर्डी फर्नांडेझला घेतलं.

दुसरं, असे शेकडो प्लेअर दोन-चार टीम फिरून घरी बसतात, त्यातले किती कोच होतात? जे झाले त्यांचीच नावं आपल्याला दिसतात. त्यामुळे बेंचवरचा म्हणजे चांगला कोच हा नियम काही पटत नाही भावा. एरिक स्पोल्स्ट्रा मायामीच्या व्हिडिओ रूममधून वर आला, तो कुठे एनबीए खेळलाय. लॅरी बर्ड तर सुपरस्टार, कोच झाल्यावर पहिल्याच वर्षी, १९९८ ला, कोच ऑफ द इयर. आणि मॅजिक जॉन्सन १९९४ ला लेकर्सचा कोच झाला, १६ मॅच टिकला. म्हणजे कसंही होऊ शकतं.

हार्टफर्डकर

कोल्हापूरकर, तुमचे आकडे सगळे बरोबर आहेत आणि नियम नाही हेही मान्य. पण तयार माणसं मिळाली हे मला अजिबात मान्य नाही, आणि हे मी इथे बसून, तो काळ बघून सांगतोय.

२०१२ चा सप्टेंबर आठवा. कॅल्हून सर सीझन तोंडावर आला असताना रिटायर झाले. ऑली तेव्हा दोन वर्षं असिस्टंट. युनिव्हर्सिटीने त्याला करार किती दिला, सात महिन्यांचा! एप्रिलपर्यंत बघू म्हणाले. आणि टीमची अवस्था काय, तर आधीच्या वर्षांतल्या मुलांच्या अभ्यासाचे मार्क कमी पडले म्हणून २०१३ च्या एनसीएए टूर्नामेंटवर बंदी. म्हणजे सीझन सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं की कितीही जिंका, मार्चमध्ये घरी. आंद्रे ड्रमंड आणि जेरेमी लॅम्ब एनबीएला गेले, अ‍ॅलेक्स ओरिआकी मिझूरीला गेला, रॉस्को स्मिथ पण सोडून गेला. नेपियरला पण कुठेही जाता आलं असतं. तो थांबला. बोटराइट थांबला. त्या टीमने पहिली मॅच जर्मनीतल्या रामस्टाइनच्या लष्करी तळावर मिशिगन स्टेटविरुद्ध खेळली आणि ६६-६२ जिंकली, आणि सीझनला २०-१०, कशासाठी, तर कशासाठीच नाही, पुढे काहीच नव्हतं. डिसेंबरमध्ये त्याला पाच वर्षांचा करार मिळाला तो त्या कामासाठी.

आता मला सांगा, ज्याच्यापुढे टूर्नामेंट नाही अशा विशीतल्या पोरांना रोज सकाळी प्रॅक्टिसला जीव तोडून पळायला लावायचं, हे काम कोणाला जमेल? ज्याला दहा-दहा दिवसांच्या करारावर, उद्याची खात्री नसताना, रोज तसंच पळायची सवय आहे त्याला. मी तर म्हणतो ऑलीचं खरं काम २०१३ चं, २०१४ हे त्याचं फळ.

आणि २०१४ सुद्धा सोपं नव्हतं. ८ मार्चला लुइव्हिलने ८१-४८ असं धुतलं होतं, ३३ पॉइंटनी! टूर्नामेंटमध्ये सातवं सीडिंग, म्हणजे आपल्या गटातलं सातवं मानांकन. पहिल्याच मॅचला सेंट जोसेफ्सविरुद्ध जवळपास गेलेच होते, शेवटच्या मिनिटात तीन पॉइंटनी मागे असताना अमिदा ब्रिमाने, घानाहून आलेला पहिल्या वर्षाचा पोरगा, रिबाउंड घेऊन बास्केट टाकलं, फाउल मिळवला, आणि फ्री थ्रोमध्ये (फाउलनंतर मिळणारा एक पॉइंटचा मोकळा शॉट) कच्चा असूनही तो टाकला. ओव्हरटाइममध्ये ८९-८१. मग व्हिलानोवा, आयोवा स्टेट, मिशिगन स्टेट, सेमीला फ्लोरिडा, जे लागोपाठ ३० मॅच जिंकून आले होते, आणि फायनलला केंटकी ६०-५४. सातव्या सीडने जिंकलेली ती पहिलीच चॅम्पियनशिप.

फायनलमधला एक आकडा मी कधी विसरणार नाही. यूकॉनचे फ्री थ्रो १० पैकी १०. केंटकीचे २४ पैकी १३. मॅच सहा पॉइंटची. ७९ हजारांवर माणसं बघतायत, टेक्सासचं ते अवाढव्य फुटबॉल स्टेडियम, रिंगच्या मागे नुसती पोकळी त्यामुळे नेमही नीट लागत नाही, आणि दहाच्या दहा. एनबीएत ज्याला सरासरी चार पॉइंट पण नव्हते त्याला माहिती होतं की फुकटचे पॉइंट सोडून चालत नाही. हा त्या माणसाचा स्वभाव टीममध्ये उतरलेला आहे.

२०१८ बद्दल, हो, शेवट वाईट झाला. त्याची कारणं बरीच आहेत. जुनी बिग ईस्ट, म्हणजे यूकॉन खेळायचं तो कॉलेजांचा गट, २०१३ ला फुटली आणि यूकॉन अमेरिकन कॉन्फरन्समध्ये अडकलं, जवळच्या शहरांतल्या चांगल्या पोरांना तिथे खेळण्यात रस नव्हता, २०२० ला परत बिग ईस्टमध्ये गेल्यावर चित्र बदललं, हर्लीला त्याचा फायदा झालाच. पण ऑलीकडे ती रिक्रूटिंगची चिकाटी कमी पडली हेही इथले लोक म्हणतात आणि मला ते पटतं. कॉलेज कोचचं अर्धं काम पोरांच्या घरी जाऊन आई-वडिलांना पटवणं असतं, ते एनबीएच्या बेंचवर शिकायला मिळत नाही. नोकरीवरून काढल्याच्या वादात मात्र तो जिंकला, २०२२ च्या जानेवारीत लवादाने युनिव्हर्सिटीला १.१ कोटी डॉलरच्या वर द्यायला लावले.

कोर्टसाइड_कोल्हापूर

२०१३ चं हे एवढं माहीत नव्हतं. सात महिन्यांचा करार आणि टूर्नामेंटबंदी, बापरे. ठीक, ते श्रेय त्याचंच. रिक्रूटिंगचा मुद्दा मात्र माझा राहू दे.

सहावा_माणूस

रिक्रूटिंगचं खरंय. म्हणून बघा, अशा प्लेअरना एनबीएत असिस्टंट म्हणून जास्त जमतं, तिथे पोरं जमवायची जबाबदारी मॅनेजमेंटची.

ईमे उडोका हे ऑलीच्या जवळचं उदाहरण. तोही २००० ला ड्राफ्ट झाला नाही, गुडघा गेला, अर्जेंटिना झालं, स्पेन झालं, डी-लीग (एनबीएची खालची लीग) झाली, २००४ ला लेकर्सकडून चार मॅच, मग २००६-०७ ला स्वतःच्या गावच्या पोर्टलँडने संधी दिली तर ७५ मॅचमध्ये पहिल्या पाचात. नंतर सॅन अँटोनियोत कोच पॉपोविचकडे खेळला आणि २०१२ पासून त्यांच्याकडेच असिस्टंट, २०१४ ला चॅम्पियन. २०२२ ला बॉस्टनला पहिल्याच वर्षी फायनलपर्यंत नेलं. २०२३ ला ह्यूस्टनकडे आला, जी टीम आधीच्या वर्षी २२ जिंकली होती ती पहिल्या वर्षी ४१ आणि दुसऱ्या वर्षी ५२. त्याची ओळख काय, डिफेन्स आणि स्टारलाही तोंडावर खरं सांगणं.

आणि इथे ऑलीचा धागा परत जुळतो. यूकॉननंतर ऑली २०२१ ला अटलांटाच्या ओव्हरटाइम एलिटमध्ये गेला, ती शाळकरी वयाच्या पोरांना पगार देऊन खेळवणारी नवी लीग होती, तिथे कोचिंग आणि प्लेअर डेव्हलपमेंटचा कारभार त्याच्याकडे होता. अमेन आणि ऑसार थॉम्पसन हे जुळे भाऊ त्याच वर्षांत तिथून वर आले आणि २०२३ ला चौथे आणि पाचवे ड्राफ्ट झाले. अमेन आज ह्यूस्टनला उडोकाच्याच हाताखाली खेळतोय, आणि लीगमधल्या सगळ्यात चिवट डिफेंडरपैकी एक आहे.

डार्विन हॅम पण घ्या. १९९६ ला कॉलेजमध्ये नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध डंक मारून काचेचा बोर्डच फोडला, देशभर फोटो, तरी ड्राफ्ट नाही. २००४ ला डेट्रॉइटच्या चॅम्पियन टीमच्या बेंचवर, २०२१ ला मिलवॉकीच्या चॅम्पियन टीमचा असिस्टंट. लेकर्सचा हेड कोच झाल्यावर पहिल्या वर्षी वेस्टर्न कॉन्फरन्स फायनल, दुसऱ्या वर्षी डेन्व्हरकडून हरल्यावर घरी. म्हणजे हेड कोचची खुर्ची याही लोकांना फार काळ मिळत नाही, पण असिस्टंट म्हणून यांना काम कायम असतं.

पॉइंटगार्ड_पुणे

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, खरंच थँक्यू. ती सात महिन्यांच्या कराराची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. फायनलचे फ्री थ्रो आजच बघतो.

आता माझा खरा प्रश्न, कोणी लहान मुलांना शिकवत असेल तर सांगा. स्टार नसलेल्याचं पोरं ऐकतात का? आमच्या क्लबचे ते सीनियर स्वतः राज्याकडून खेळलेत, त्यांनी नुसता बॉल हातात घेतला तरी पोरं गप्प बसतात. मला ते जमणार नाही हे मला दिसतंय.

मंजिरी_कोच

दादा, मी शाळेच्या टीमला शिकवते, पटियालाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था) कोचिंगचा डिप्लोमा केलाय, आणि मी पण आयुष्यभर बदली खेळाडूच होते. तुमच्या त्या सीनियरांचं म्हणणं पहिल्या आठवड्यापुरतं खरं आहे. पहिल्या आठवड्यात मुलं बघतात की सरांना काय येतं. दुसऱ्या आठवड्यापासून बघतात की सरांना मी दिसतो का.

१४ खालच्या टीममध्ये बारा मुलं असतील तर पाच खेळतात आणि सात बाकावर असतात, आणि कोचची परीक्षा त्या सात जणांत असते. जो कायम पहिल्या पाचात खेळला त्याला त्या सात जणांशी काय बोलायचं हे सुचतच नाही, तो फक्त म्हणतो मेहनत कर. तुम्हाला माहितीये की बाकावर बसलेल्याला काय हवं असतं. त्याला आधी सांगून ठेवलेलं हवं असतं. मी मॅचच्या आधी प्रत्येकीला जवळ घेऊन सांगते, तू दुसऱ्या क्वार्टरला जाणार, त्यांची ७ नंबर डाव्या हाताने ड्रिबल करत नाही, तिला डावीकडे ढकलायचं, एवढंच तुझं काम. मग ती मुलगी पहिला क्वार्टर मोबाइल बघितल्यासारखी बसत नाही, ७ नंबरवर डोळे लावून बसते. आत गेल्यावर तीन मिनिटंच खेळते पण काम करून येते, आणि बाहेर आल्यावर मला सांगते की ताई, ती ७ नंबर आता उजव्या बाजूने पण दमलीये. अशी मुलगी पुढे पॉइंट गार्ड होते.

फ्री थ्रोचं म्हणाल तर प्रॅक्टिसच्या सुरुवातीला ताजंतवानं असताना वीस-वीस मारायला लावू नका. पळवून पळवून दम लागला की लगेच लाइनवर उभं करायचं, दोनच फ्री थ्रो, आणि बाकी सगळ्यांनी गोंगाट करायचा. दोन्ही गेले तर सगळ्यांना पाणी, एक जरी हुकला तर सगळे परत एक फेरी. मॅचमध्ये फ्री थ्रो तसेच येतात, दम लागलेला असताना आणि सगळे बघत असताना.

आणि खेळणं इतक्यात सोडू नका. स्वतः बाकावर बसाल तेव्हा आपल्या कोचने टाइमआउट कधी घेतला, का घेतला, कोणाला बदललं, हे लिहून ठेवायची सवय लावा. मी जुन्या वह्या अजून उघडते.

नागपाडा_हूप्स

मंजिरीताई, ते ७ नंबरवालं भारीच आहे, उद्यापासून सुरू करतो.

पॉइंटगार्ड_पुणे

ताई, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. क्लबला हो कळवतोय. हार्टफर्डकर, मुलांना एखादी मॅच दाखवायची असेल तर फायनलच दाखवू ना?

हार्टफर्डकर

फायनल नको, सेमी दाखवा, फ्लोरिडाची. सुरुवातीलाच १६-४ ने मागे पडलेत, तिथे थांबवा आणि पोरांना विचारा आता तुम्ही कोच असता तर काय केलं असतं. बहुतेक पोरं म्हणतील थ्री मारा. मग पुढे चालू करा आणि फक्त नेपियर-बोटराइटकडे बघायला सांगा, बॉल हातात नसताना. ते फ्लोरिडाच्या विल्बेकिनला बॉल घेऊन येतानाच इतकं छळतात की त्यांचा प्ले सुरू व्हायलाच उशीर होतो, मग घाईत शॉट, आणि दुसऱ्या बाजूला डिआंद्रे डॅनियल्स शांतपणे २० पॉइंट टाकून जातो. ६३-५३. फ्लोरिडासारख्या टीमला ५३ वर. पोरांना एकाच बैठकीत दाखवू नका, दोन भाग करा, पहिल्या दिवशी हाफ टाइमपर्यंत पुरे.